आइस बॉक्सपासून सिगारचा ह्युमिडॉर : आधी आकडा, मग डबा

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण पिकनिकचा आइस बॉक्स घेऊन त्याचा सिगार ठेवायचा ह्युमिडॉर केला. व्हिडिओत हात दिसतात, पण हिशेब आणि कारणं नीट सांगता येत नाहीत. ती इथे लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, कारण मधे थोडं गणित आहे.

आधी ह्युमिडॉर म्हणजे काय ते बघू. सिगार म्हणजे तंबाखूच्या सुकवलेल्या, मुरवलेल्या पानांची गुंडाळी. ती फार कोरडी झाली की वरचं पान तडकतं, फार ओली झाली की बुरशी धरते. म्हणून ती ठरावीक दमटपणात ठेवतात, साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि २० अंशांच्या आसपास तापमान. हे सांभाळणारी लाकडी पेटी म्हणजे ह्युमिडॉर. चांगली पेटी महाग मिळते, म्हणून परदेशातल्या शौकिनांनी स्वस्त युक्ती काढली : पिकनिकचा कूलर घ्यायचा, आत लाकूड आणि दमटपणा सांभाळणारं पाकीट टाकायचं, झालं काम. रविवारी केळव्याच्या बीचवर मुंबईची मंडळी ज्या निळ्या-लाल डब्यातून थंड बाटल्या आणतात, तोच हा डबा.

"झालं काम" इथेच गडबड आहे. त्या युक्त्या लिहिणारे बहुतेक लोक थंड, कोरड्या हवेत राहतात. हिवाळ्यात घरात हीटर लावला की त्यांच्याकडे हवा सुकते, म्हणून त्यांचा सगळा भर डब्यात पाणी घालण्यावर असतो. ओला स्पंज ठेवा, पाण्याचा ग्लास ठेवा वगैरे. आपण राहतो माहीमला. जुलैमध्ये आपल्या किनाऱ्यावर आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते. कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर बुरशी येते, मीठ पाणी सोडतं, पापड लोळतो. अशा हवेत डब्यात ओला स्पंज ठेवला तर पंधरा दिवसांत गिऱ्हाईकाच्या सिगारवर पांढरी लव येईल. आणि एका सिगारची किंमत काहीशे ते काही हजार रुपये असते. म्हणजे तुमच्या डब्यापेक्षा आतला माल कितीतरी महाग. इथे चूक झाली की गिऱ्हाईक डब्याचे नाही, मालाचे पैसे मागणार.

तर आपल्याकडचं काम उलटं आहे. पावसाळ्याचे चार महिने बाहेरचा दमटपणा आत येऊ द्यायचा नाही. आणि डिसेंबर-जानेवारीत पूर्वेकडचा कोरडा वारा सुटला की दुपारी तोच आकडा ५०च्या खाली येतो, तेव्हा आतला दमटपणा बाहेर जाऊ द्यायचा नाही. एकाच डब्याने दोन्ही करायचंय.

एका ग्रॅमचं गणित

हे गणित समजलं की अर्धा धंदा समजला. ३० अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ धरते. आपला डबा ५० लिटरचा, म्हणजे घनमीटरचा विसावा भाग. म्हणजे तो पूर्ण भरला तर दीड ग्रॅम आणि ७० टक्क्यांना साधारण एक ग्रॅम पाणी. फक्त एक ग्रॅम! चमच्याचा पाचवा हिस्सा.

आता सिगार बघा. एक सिगार साधारण १२ ग्रॅमची धरली तर ५० सिगारींचे ६०० ग्रॅम झाले. त्यात १२-१३ टक्के पाणी मुरलेलं असतं, म्हणजे ७०-८० ग्रॅम. हवेत एक ग्रॅम आणि मालात सत्तर ग्रॅम. म्हणून झाकण उघडलं की हायग्रोमीटरचा आकडा पळतो, पण मालाला लगेच काही होत नाही. हवा बदलली, माल तोच. झाकण लावून दोन तास थांबा, आकडा परत येतो. आणि भरलेला डबा अर्ध्या रिकाम्या डब्यापेक्षा स्थिर राहतो, तोही याच कारणाने.

आता ५० ग्रॅम पाण्याचा स्पंज आत ठेवला तर काय होईल ते तुम्हीच मांडा. ते सगळं पाणी जायला जागा एकच, ती म्हणजे तंबाखू. ७५ ग्रॅमचे १२५ ग्रॅम झाले. त्यावर बुरशी नाही आली तर नवल.

दुसरं गणित तापमानाचं. ३० अंशांना ७० टक्के असलेली हवा तशीच २४ अंशांवर आणली, पाणी तेवढंच ठेवलं, तर आकडा ९७-९८ टक्क्यांवर जातो, कारण थंड हवा वाफ कमी धरते. गिऱ्हाईक रात्री एसी लावतं, सकाळी बंद करतं. पातळ पत्र्याच्या किंवा काचेच्या पेटीत रोज हा झोका बसतो आणि आतल्या बाजूला दव धरतं. आइस बॉक्सच्या भिंतीत फोम असतो, त्यामुळे तापमान हळू बदलतं, आणि तेवढ्या वेळात लाकूड आणि माल जादा वाफ शोषून घेतात. आपण आइस बॉक्स निवडतो तो यासाठी. तो डबा थंड करत नाही हे पक्कं लक्षात ठेवा. बर्फ नसेल तर तो फक्त बदल सावकाश करतो. मे महिन्यात खोली ३३ अंश असेल तर दोन दिवसांनी डब्यातही ३३च होणार. मग कोणीतरी हुशारीने गोठवलेली बाटली आत ठेवतं. नको. बाटलीवर दव जमतं, खाली टपकतं, आणि बर्फ वितळला की आकडा उलटीकडे जातो.

डबा निवडताना

नवाच घ्या. आपल्या भागात जुने आइस बॉक्स स्वस्तात मिळतात, पण त्यातून काय गेलेलं असतं ते सातपाटीच्या माणसाला विचारायला नको. मासळीचा वास प्लास्टिकमध्ये मुरतो आणि तंबाखू वास ओढून घेते. पापलेटच्या वासाची सिगार कोणी घेणार नाही. नव्या डब्यालाही प्लास्टिकचा वास असतोच. खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने पुसा, सावलीत झाकण उघडं ठेवून चार-पाच दिवस वारा द्या. मग आत कोरडा कापूस ठेवून एक रात्र बंद करा आणि सकाळी कापूस हुंगा. वास आला तर पुन्हा वारा द्या. साबण, फिनेल, सुगंधी पुसणं यातलं काहीही वापरू नका.

झाकणाची परीक्षा दोन प्रकारे. एक, कागदाची पट्टी झाकणात अडकवून ओढायची. चारही बाजूंना ती अडली पाहिजे. दोन, अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च लावून झाकण बंद करायचं, उजेडाची रेघ दिसली तिथे फट आहे. बऱ्याच स्वस्त डब्यांच्या झाकणाला रबरी पट्टी नसतेच. दाराला लावायची फोमची चिकट पट्टी काहीजण वापरतात, पण तिच्या गोंदाला वास असतो. मी म्हणेन, शे-दोनशे रुपये जास्त देऊन पट्टीवालाच डबा घ्या. खालचं पाणी सोडायचं बूच घट्ट बंद करा. डब्याला भोक पाडू नका, पंखा बसवायला तर मुळीच नाही. ५० लिटरच्या डब्यात पंखा लागत नाही आणि भोक पाडलेल्या डब्याची कंपनीची वॉरंटी जाते.

लाकूड हा खरा सुताराचा प्रश्न आहे. ह्युमिडॉरमध्ये जे लाकूड वापरतात त्याला स्पॅनिश सिडार म्हणतात, पण ते ना स्पेनचं, ना देवदाराच्या घराण्यातलं. ते महोगनीच्या कुळातलं, अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशातलं झाड आहे. नाव ऐकून आपली मंडळी बाजारातून देवदार आणतात. देवदारात राळ असते, ती पाझरते आणि तिचा वास जबर. तो नको. पॅकिंगचं पाइनही त्याच कारणाने नको, आणि सागाला तेलकटपणा. आपल्याकडे त्याच कुळातलं तून नावाचं झाड आहे. हलकं, तांबूस, मंद वासाचं लाकूड, आणि सिगारच्या पेट्यांसाठी ते पूर्वीपासून वापरलं गेलेलं आहे. वखारीत तून मिळालं तर उत्तम. ते पूर्ण वाळलेलं पाहिजे, त्याला पॉलिश नको, व्हार्निश नको, फेव्हिकॉल शक्य तितका कमी, खाचा पाडून जोडलेले ट्रे करा. ट्रेच्या तळाला फटी ठेवा, म्हणजे हवा खालीवर फिरेल. ट्रे डब्याच्या भिंतीला चिकटू नयेत, बोटभर जागा सोडा.

मिठाची चाचणी

आता या धड्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि खर्च जवळपास शून्य. हायग्रोमीटर म्हणजे आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र, काहीशे रुपयांत मिळतं. स्वस्त यंत्र चार-पाच टक्के इकडेतिकडे दाखवू शकतं. तुम्ही ६८ समजून बसाल आणि आत ७३ असेल. म्हणून विकण्याआधी प्रत्येक यंत्र तपासायचं.

बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या. थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. विरघळू द्यायचं नाही, मिठाचे खडे दिसत राहिले पाहिजेत. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका झिपच्या पिशवीत ठेवून हवाबंद करा आणि एक दिवस हलवू नका. संपृक्त मिठाच्या पाण्यावरची हवा आपल्या खोलीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिर होते. हा निसर्गाचा आकडा आहे, कंपनीचा नाही. यंत्राने ७१ दाखवलं तर ते ४ कमी दाखवतंय. मागे छोटी चिठ्ठी लावा : "+४". ही चिठ्ठी लावलेलं यंत्र देणारा विक्रेता आणि डब्यात नुसतं यंत्र टाकून देणारा विक्रेता, यांच्यातला फरक गिऱ्हाईकाला पहिल्या भेटीत कळतो.

डब्यात दमटपणा सांभाळायला दुतर्फी पाकिटं मिळतात. त्यात क्षारांचं दाट द्रावण असतं आणि बाहेर वाफ जाऊ देणारं आवरण. आत कोरडं झालं तर पाकीट पाणी सोडतं, ओलं झालं तर ओढून घेतं. म्हणजे मिठाच्या चाचणीचंच तत्त्व, फक्त क्षार वेगळा म्हणून आकडा वेगळा. ६५, ६९, ७२ अशा आकड्यांची पाकिटं येतात. आपल्या उकाड्यात मी ६५चं सांगतो. ७२ हा थंड खोलीतला आकडा आहे, ३२ अंशांना तो बुरशीच्या फार जवळ जातो. ६० ग्रॅमचं एक पाकीट २५ सिगारींना धरतात. डब्याची जागा बघून हिशेब करायचा, आज किती सिगार आहेत ते बघून नाही. साधं निळं सिलिका जेल इथे चालत नाही, ते फक्त ओढतं, सोडत नाही, आणि माल खडखडीत करतं. पाणी घालायची वेळ आलीच तर डिस्टिल्ड, नळाचं नाही.

एक शत्रू राहिला : तंबाखूचा किडा. तांबूस, तांदळाच्या सोंड्याएवढा भुंगेरा. हाच हळद, मिरची, धण्यातही पडतो, मसाल्याचा धंदा करणाऱ्या ताईंना तो ओळखीचा असेल. त्याची अंडी मालात आधीपासून असू शकतात आणि उबेला ती फुटतात. आपली खोली म्हणजे त्याला पाळणाघरच. उपाय गिऱ्हाईकाने करायचा असतो : माल दोन झिपच्या पिशव्यांत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये किमान तीन दिवस, मग एक दिवस खालच्या फ्रिजमध्ये, मग बाहेर. एकदम बाहेर काढला तर पान तडकतं. हे माहितीपत्रकात छापाच, कारण किडा निघाला तर दोष डब्यालाच मिळतो.

कायदा आणि माझं मत

सिगारने तोंडाचा कॅन्सर होतो, धूर छातीत घेतला नाही तरी होतो. हे मी प्रत्येक बॅचला सांगतो आणि इथेही लिहितो. आपण डबा बनवतोय, तंबाखू विकत नाही. ही रेघ कायद्यातही कामाची आहे. २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या कलम ५ प्रमाणे तंबाखूजन्य वस्तूची जाहिरात करता येत नाही, पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून डब्याच्या फोटोत ब्रँडची सिगार, धूर काढणारा माणूस, "शौकिनांसाठी" असली ओळ काही नको. रिकामा डबा, ट्रे आणि हायग्रोमीटर दाखवा. "डब्यासोबत दोन सिगार फुकट" ही आयडिया तर डोक्यातूनच काढून टाका. सिगार विकायचीच असेल तर १८ वर्षांखालच्यांना नाही, शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांत नाही, आणि चित्राचा इशारा नसलेला चोरवाटेने आलेला परदेशी माल नाहीच नाही. सप्टेंबर २०२०पासून महाराष्ट्रात सुटी सिगारेट आणि विडी विकायलाही बंदी आहे. एवढं सगळं सांभाळण्यापेक्षा डब्यावरच थांबा.

किमतीचा हिशेब मी वर्गात असा मांडतो. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या बाजारातले भाव टाकून परत करा. ५० लिटरचा डबा ३,०००, तून लाकडाचे ट्रे १,२००, हायग्रोमीटर ४००, चार पाकिटं १,८००, पॅकिंग आणि माहितीपत्रक ६००. झाले ७,०००. तुमचे पाच तास, तासाला १५० धरले तर ७५०. बहुतेक जण इथे स्वतःचे तास लिहीतच नाहीत! एकूण ७,७५०. विक्री ११,०००ला केली तर ३,२५० राहतात, त्यातून कुरिअर आणि एखादा परत आलेला डबा. खरा धंदा पाकिटांचा आहे. पाकीट कडक झालं की बदलावं लागतं, आणि ते घ्यायला गिऱ्हाईक परत तुमच्याकडेच येतं. वस्तूंच्या विक्रीला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, पण दमण किंवा वापीच्या गिऱ्हाईकाला माल पाठवला की तो राज्याबाहेर गेला, मग उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. आपल्यापासून ती हद्द किती जवळ आहे ते बघा. उद्यम नोंदणी फुकट आहे, तिचे पैसे मागणाऱ्याला देऊ नका.

गिऱ्हाईक कोण? मुंबईतले काही शौकीन, काही हॉटेलं. पालघर-बोईसरमध्ये फार कमी. म्हणून हा माल बनवून ठेवायचा नाही, अर्धे पैसे आगाऊ घेऊन बनवायचा.

माहीमच्या पानासाठी तोच डबा

गेल्या बॅचमधल्या एका ताईंनी विचारलं, "दादा, तंबाखूचं पान ठेवता येतं तर आमच्या वाडीतलं विड्याचं पान का नाही?" मला हा प्रश्न सिगारपेक्षा मोठा वाटतो. केळवे-माहीमचा पट्टा पानवेलीच्या वाड्यांसाठी ओळखला जातो. पण दोन्ही पानं असली तरी डबा तसाच चालणार नाही. सिगारमधलं पान मेलेलं आहे, त्याला फक्त पाणी सांभाळायचंय. विड्याचं पान तोडल्यावरही जिवंत असतं. ते श्वास घेतं, ऊब सोडतं, वाफ सोडतं. सिगारचा डबा घट्ट बंद पाहिजे, पानाचा डबा घट्ट बंद ठेवला तर आत कोंडून पान सडतं.

म्हणून रचना बदला. आकडा ९० टक्क्यांच्या वर, पण पानावर पाण्याचा थेंब नको. तळाला दोन बोटं उंच प्लास्टिकची जाळी, म्हणजे गळलेलं पाणी पानाला लागणार नाही. सुती फडकं भिजवून घट्ट पिळलेलं, पानवाले गुंडाळतात तसं. पानं देठ एका बाजूला करून उभी, सैल. सकाळ-संध्याकाळ झाकण उघडून दोन मिनिटं वारा द्यायचा आणि डागाळलेलं पान तेव्हाच काढायचं, एक सडलं की शेजारची जातात. प्रवासात थंडावा हवा असेल तर गोठवलेली बाटली जाड कापडात, मधे पुठ्ठ्याची आडभिंत घालून. बर्फाला टेकलेलं पान काळं पडतं. स्वस्त हायग्रोमीटर ९०च्या वर भरवशाचे नसतात, त्यामुळे इथे यंत्रापेक्षा मोजणी बरी.

ती मोजणी अशी. एकाच वेलीची, एकाच दिवशी तोडलेली २०० पानं घ्या. १०० नेहमीसारखी करंडीत, १०० डब्यात. दोन्ही एकाच खोलीत. रोज सकाळी विकण्याजोगी पानं मोजून वहीत दोन रकान्यांत लिहा, सात दिवस. पाचव्या दिवशी डब्यात करंडीपेक्षा किती पानं जास्त उरली, त्याला पानाचा भाव लावा, आणि डबा किती फेऱ्यांत फिटतो ते काढा. नाही फिटला तर डबा करू नका, करंडीच बरी. ही चाचणी एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसात करायची, दोन्हींचे आकडे सारखे येणार नाहीत.

ज्या ताई-दादांच्या घरी वाडी आहे त्यांनी ही चाचणी याच आठवड्यात सुरू करा. बाकीच्यांनी मिठाची चाचणी करा आणि तुमच्या यंत्राचा फरक किती आला तो मला कळवा. यंत्र घेताना दुकानातली दोन-तीन शेजारी ठेवून बघा, तिथेच आकडे वेगवेगळे दिसतील.